चंद्रभानच्या गालावरची तीट

"डोये काये कर. मानसाचे डोये कायेच राहतात," खुशालराव पाटील म्हणाला आणि डोळ्यांचा विषय मिटला अशा थाटात त्यानं विडा तोंडात कोंबला.

शालिकराम चिताऱ्यानं हातातला फोटो पुन्हा उजेडाकडे धरला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पंजाएवढा कागद. त्यावर चार वर्षांचा चंद्रभान खुर्चीत बसलेला, मान ताठ, ओठ घट्ट, उजवा गाल पुढे. पोरगं जाऊन तीन महिने झाले होते. बापाला आता त्याचं मोठं रंगीत चित्र हवं होतं, साहेबाच्या बंगल्यात असतं तसं, मऊ खडूंच्या रंगातलं.

"पाटील, हे डोये काये नाहीत," शालिकराम म्हणाला. "काये असते तर फोटोत कायेच उतरले असते. हे पाहा कसे फिक्के आले. मी अंदाजानं रंग भरत नाही."

"तुले इचारलं कोनं? काये म्हनलं ना एकदा?"

"बापाले पोराच्या डोयाचा रंग ठाऊक नाही, मंग ठाऊक कोनाले असन?"

असं तोंडावर बोलायची शालिकरामला खोड होती, आणि त्या खोडीपायी अर्ध्या अमरावतीनं त्याला दारात उभं करणं सोडलं होतं. पण खुशालरावाचा नाइलाज होता. कापसाच्या व्यापारी साहेबाच्या बंगल्यात भिंती रंगवताना शालिकरामला मडमेनं हे मऊ खडू वापरायला शिकवलं होतं, आणि विलायतेला परत जाताना आपली खडूंची पेटीच त्याला देऊन टाकली होती. आख्ख्या वऱ्हाडात हे काम येणारा दुसरा माणूस नव्हता.

आणि खुशालरावाला जे दुसऱ्याकडे नाही तेच पाहिजे असायचं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत गोरे आपसांत लढत होते, तिकडचा कापूस अडला होता आणि इकडच्या काळ्या मातीतल्या बोंडांना असा भाव आला होता की काल अनवाणी हिंडणारे आज बैलांच्या शिंगांना चांदी मढवत होते. खुशालरावानं नवा दिवाणखाना बांधला. मुंबईहून दोन झुंबरं आणली. ती खाली कशी घ्यायची हे घरात कोणालाच कळेना, म्हणून ती कधी पेटली नाहीत. आता बोला! तर अशा माणसाला त्या दिवाणखान्यात पोराचं चित्र टांगायचं होतं, तेही पंधरा दिवसांत. कारण पंधरा दिवसांनी हिवरखेडचे पाहुणे येणार होते, त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी पक्की करायला.

"मंग पोराच्या मायले इचारतो," शालिकराम म्हणाला. "कुठं हायेत त्या?"

खुशालरावानं तोंड फिरवलं. मग माजघराच्या दारातून खुशालरावाची आई मनकर्णाबाई बाहेर आली. पाठीत वाकलेली, पण आवाज असा की गोठ्यातली म्हैस कान टवकारेल.

"नाव काढू नको त्या कैदाशिनीचं या घरात! खाल्लं तिनं माह्या नातवाले!"

मग शालिकरामला सगळी कथा ऐकावी लागली. पौषात म्हातारी ऋणमोचनच्या जत्रेला गेली होती. त्याच दिवशी मुंबईचा फोटोवाला अमरावतीत आला. खुशालरावानं त्याला घरी बोलावून अंगणात तंबू ठोकायला लावला आणि चंद्रभानला त्या पेटीसमोर बसवलं. इतकं गोरंगोमटं लेकरू, त्याच्यावर तो काचेचा एकच डोळा रोखलेला, आणि गालावर तीट नाही! महिन्याभरात पोराला हागवण लागली आणि दोन दिवसांत ते गेलं. पुढे मुंबईहून फोटो आला. म्हातारीनं पाहिलं, गालावर काळा ठिपका नाही. झालं. कोणती माय आपल्या लेकराला तीट न लावता परक्या माणसापुढे पाठवते?

"मले म्हने, मी लावल्ती. डोयानं पाहून राहिलो आमी, तरी म्हने लावल्ती! हाकलून देल्लं तिले अकोल्याले, भावाच्या घरी. पोट्टी ठेवून घेतली. एक मारलं तिनं, दुसरं काहून देऊ तिच्या हाती?"

पोट्टी म्हणजे वच्छला. अडीच वर्षांची. त्या वेळी ती आजीच्या लुगड्याला धरून उभी होती आणि शालिकरामच्या खडूंच्या पेटीकडे टक लावून पाहत होती. हिचे डोळे घारे होते. शालिकरामनं ते पाहिलं आणि फोटोतल्या डोळ्यांचा त्याला बराचसा अंदाज आला. तरी तो हट्टाला पेटला. बापाला रंग ठाऊक नाही म्हणून बहिणीच्या डोळ्यांवरून चित्र काढायचं? हे त्याच्यानं होणार नव्हतं.

"मी अकोल्याले जातो. चार दिवसांत येतो. नाही तं तुमचं तुमी काढा."

खुशालरावानं शिव्या घातल्या. शालिकराम पेटी आवरू लागला. शेवटी खुशालराव म्हणाला, "जाय. पन इचारायचं तेवढंच इचार. अन् तिचा निरोप आनशीन तर पाय तोडीन."

मनकर्णाबाईनं फोटो देताना तो दोनदा हातातून सोडला नाही.

"याले ओरखडा आला ना, तर तुहे बोटं छाटीन," ती म्हणाली. "माह्या देव्हाऱ्यात राहते हा."

*

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी नत्थुजीचं घर होतं. पोराच्या आईचा, मैनाबाईचा, हा थोरला भाऊ. अमरावतीहून माणूस आला म्हटल्यावर तो ओट्यावरून उठला तो काठी घेऊनच.

"पाटलाचा मानूस? उतरू नको. गाडी फिरव."

"मी कोनाचा मानूस नाही. चितारी हावो."

"चितारी असो नाही तं लाटसाहेब असो. बयनीले मारून हाकललं आमच्या. दुसऱ्या लग्नाची बातमी आमाले बाजारात कयते. आन आता चितारी धाडला? पंगतीचं आवतन दे म्हना थेट!"

आत खिडकीशी मैनाबाई येऊन उभी राहिली होती. शालिकरामनं तिच्याकडे पाहत येण्याचं कारण सांगितलं. ती बाहेर आली. सव्वीस-सत्ताविशीची, पण चेहरा सुकून गेलेला.

"डोयाचा रंग इचाराले आले?" ती म्हणाली. "तीन महिने झाले. माही पोट्टी जेवते का उपाशी झोपते, हे सांगाले एक कुत्रं आलं नाही तिकडून. आन डोयाचा रंग पाहिजे त्यायले! सांगा, माहे डोये फुटले होते म्हना, मले आठवत नाही."

"बाई, मले शिव्या देऊन घ्या. मी उतरतो, पानी पितो, आन मंग परत द्या. पन आधी हे पाहा."

त्यानं रुमाल सोडून फोटो ओट्यावर ठेवला.

मैनाबाईनं तो कधी पाहिलाच नव्हता. फोटो मुंबईहून आला आणि त्याच दिवशी तिला गाडीत घालून धाडलं होतं. तिनं एकदा पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. मग खाली बसून तिनं त्या कागदावरच्या पोराच्या पायांवरून, हातांवरून, टोपीवरून बोट फिरवलं. शालिकराम आपल्या कामाला कोणाला हात लावू देत नसे. फोटोला तर नाहीच. पण त्यानं तिला अडवलं नाही. नत्थुजीनं काठी भिंतीला टेकवली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

मग ती बोलू लागली. "घारे होते. उन्हात हिरवट दिसत. माह्या बापाचे होते तसे. आन हा अंगरखा काया नाही हो, हा डाळिंबी होता. मीच घातला. यात काया कसा झाला?"

"लाल रंग यात कायाच येते. म्हनूनच तं आलो."

"टोपीची कलाबतू पिवळी. ओठ... ओठ त्याचे वाळलेले राहत, चाटायची सवय होती." असं सांगता सांगता ती एकदम थांबली. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. उजवा गाल. तिनं तो पुन्हा पाहिला आणि तिचा आवाज चिरकला.

"मी लावल्ती हो. इथंच. उजव्या गालावर. काजयाच्या डबीतून बोटानं लावली आन बाहेर धाडलं त्याले, बापाच्या हाती. परक्या मानसापुढं मी कशी जाऊ? मी आतच राहिली. मी लावल्ती. माह्या लेकराची शपथ."

कोणाची शपथ, हे तिच्या लक्षात आलं आणि ती रडू लागली.

शालिकरामला बाईमाणसाचं रडणं सहन होत नसे. त्यानं पेटी उघडली आणि कागदाच्या तुकड्यावर गालाचा रंग जुळवत बसला. गव्हाळ खडू, त्यावर जरासा गुलाबी, मग अंगठ्यानं हलकं चोळलं की दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. या खडूंचं कामच असं. रेघ ओढायची ती खडूनं आणि कातडी आणायची ती बोटानं. गाल जमला का पाहायला त्यानं भिंग काढून फोटोतल्या गालावर धरलं.

गालाच्या मध्यावर एक सावली होती. घरातले सगळे तिला सावलीच समजत होते, आणि तोही तीन दिवस तेच समजत होता. पण उजेड तर डावीकडून आला होता. नाकाची सावली उजवीकडे पडली होती, टोपीची उजवीकडे पडली होती. ही एकटीच तिरपी, कानाकडे चढत गेलेली. सुरुवातीला गडद, पुढे फिकट, आणि दोन्ही कडा सरळ.

शालिकरामनं भिंग खाली ठेवलं. आताच रंगवलेल्या गालावर त्यानं काळ्या खडूचा ठिपका दिला, ठसठशीत, तीट लावतात तसा. मग अंगठा टेकवून तो कानाच्या दिशेनं ओढला.

"नत्थुजी," तो म्हणाला, "इकडे या बरं."

तिघंही वाकले. कागदावर तोच पट्टा उमटला होता. सुरुवातीला गडद, पुढे फिकट, दोन्ही कडा सरळ.

"लावली होती तीट," शालिकराम म्हणाला. "कोनीतरी पुसली. तुमी ओढा बरं तुमचा अंगठा, बाई."

दुसऱ्या ठिपक्यावर मैनाबाईनं अंगठा ओढला. तिचा पट्टा शालिकरामच्या पट्ट्याच्या निम्म्याही रुंदीचा आला नाही. फोटोतला गाल लहान, पण तिथला पट्टा पोराच्या ओठांच्या मापानं मोजून पाहिला तर पुसणारा अंगठा पुरुषाचा होता, आणि चांगला रुंद. फोटोवाला तर काळ्या कापडाखाली डोकं घालून होता. अंगणात दुसरं कोण होतं?

मैनाबाई भिंतीला टेकून बसली. "सकाळपासून म्हनत होते," ती हळूच म्हणाली. "तोंड साफ ठेव, साहेबाच्या पोरांवानी पाहिजे म्हने. मी म्हनलं, तीट लावल्याशिवाय नाही धाडत. तं हसले. काहीच बोलले नाहीत." मग तिचा आवाज वाढला. "आन बुढी माह्या झिंज्या धरून मारत होती, तवा उभे होते समोर! पाहत होते! एक शब्द नाही बोलले!"

"हरामखोर!" नत्थुजीनं काठी उचलली. "चार मानसं घेऊन जातो. भरचौकात इचारतो त्याले."

"आन तो म्हनन, फोटोवर मळ बसला," मैनाबाई म्हणाली. "तुले मारतीन, आन वच्छी तिथंच राहीन. बुढी त्याचं ऐकन का तुहं?"

"मी सांगतो ना," शालिकराम म्हणाला.

"तुमचं कोन ऐकते, दादा?"

ते खरं होतं. चिताऱ्याच्या शब्दाला पाटलाच्या घरात काय किंमत? मैनाबाई त्या कागदाच्या तुकड्याकडे पाहत होती. मग तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. अजून काळाच होता.

"हे खडू असेच निघतात? सुकल्यावर पन?"

"हे सुकतच नाहीत. नुसती भुकटी असते. म्हनून तं वर काच बसवा लागते."

"मंग मी सांगतो ते करा. चित्रात माह्या लेकराले तीट लावा. मी लावल्ती तशी, उजव्या गालावर, कायी कुळकुळीत. आन काच बसवू नका."

शालिकरामला कळायला क्षणभर लागला. कळलं तसा तो उसळला. "बाई, रात्रंदिवस खपून काढीन मी ते! असं काम पुन्हा माह्या हातून होईन का नाही, देव जाने. आन ते असं कोनाच्या तरी अंगठ्याखाली द्याचं?"

"तुमचं चित्र नासन," मैनाबाई म्हणाली. "माही पोट्टी तिकडं नासून राहिली. ती बुढी तिले सांगते, तुही माय डाकीन हाये. अजून दोन वर्षांनी ती मले पाहून पळन."

"आन त्यानं हात नाही लावला तं?"

"लावतीन. त्यायचा हात मले ठाऊक हाये."

*

शालिकरामनं ते चित्र जीव तोडून काढलं. खरं तर त्याला राग यायला हवा होता, आणि येतही होता. नासण्यासाठी काढायचं तर कसंही काढून मोकळं व्हावं! पण कागदासमोर बसला की त्याचा हात ऐकेना. फोटोवर दोरे ताणून त्यानं मापं घेतली. आधी डोळे काढले, घारे, बाहुलीच्या कडेला हिरवट. मग कपाळ, मग ते वाळलेले ओठ. वरून खाली काम करायचं, म्हणजे भुकटी झालेल्या कामावर पडत नाही. फुंकायचं नाही, कागद मागून टिचकीनं झाडायचा. गाल त्यानं सगळ्यात शेवटी केला.

खुशालराव दिवसातून चारदा डोकावे.

"अजून झालं नाही? पंधरा दिवसांत मी घर बांधलं असतं."

"बांधा मंग. मी चित्र काढतो."

"तोंड आवर, चिताऱ्या. अंगरखा लाल काहून केला? फोटोत काया हाये."

"तुमीच पोराले कपडे नेसवत होते ना? सांगा बरं, कोनता होता?"

खुशालराव पाय आपटत निघून जाई. म्हातारीही येऊन जाई, पण ती भांडत नसे. चित्रातल्या डोळ्यांसमोर ती उभी राहिली की पदर डोळ्यांना लावायची, आणि मग ती वच्छलेला फरफटत घेऊन जायची. "चाल वं. तुह्या मायनं हे डोये खाल्ले." शालिकराम ते ऐके आणि हातातला खडू मोडे. असे तीन खडू मोडले त्यानं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी, सगळ्यांना बाहेर काढून, त्यानं काळा खडू घेतला आणि चंद्रभानच्या उजव्या गालावर तीट लावली. तेवढ्यानं ते पोर असं दिसू लागलं की आता खुर्चीतून उतरून आईला हाक मारेल. मग त्यानं वर कापड टाकलं.

"काच कुठं हाये?" खुशालरावानं विचारलं.

"चौकट आली, काच फुटकी निघाली. दुसरी येईन मुंबईहून. तवर कोनी हात लावू नका."

"हात कोन लावते? रांगणारी लेकरं हावो का आमी?"

*

हिवरखेडहून सहदेवराव आला. होणारा सासरा. सोबत सहा माणसं आणि एक म्हातारी आत्या. सोयरीक करायची तर घर पाहून करायची, म्हणून ते दिवाणखाना वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते आणि खुशालराव प्रत्येक वस्तू कुठून आणली ते सांगत होता. भिंतीशी वच्छलेला कडेवर घेऊन मनकर्णाबाई बसली होती. तिच्या दुसऱ्या हातात देव्हाऱ्यातला फोटो होता. चित्राशी लावून पाहायला खुशालरावानंच आणवला होता.

"आता पाहा," तो म्हणाला. "यवतमाळापासून बुऱ्हानपुरापर्यंत कोनाच्या घरी अशी चीज दाखवाल तं नाव बदलीन."

त्यानं कापड ओढलं.

पाहुणे पुढे सरकले. आत्याबाईनं कडाकडा बोटं मोडली. "काय रूप वं माय! बरं केलं तीट लावली. नाही तं या चित्राले पन नजर लागन."

खुशालरावाचं हसू गेलं. त्याचं आत्ताच लक्ष गेलं होतं.

"हे काय हाये रे?" तो शालिकरामवर ओरडला. "हा डाग कायचा?"

"डाग नाही, पाटील. तीट हाये. तीट लावल्याशिवाय पोर बाहेर काढत नाहीत आपल्यात."

"फोटोत नाही, तं चित्रात काहून? खेडवळ करून टाकलं माह्या पोराले! एवढं साहेबी काम आन त्याच्यावर काजयाचा डाग!" पाहुण्यांसमोर तो लालेलाल झाला होता. शालिकराम बोलायच्या आत, म्हातारी बोलायच्या आत, तो दोन ढांगांत चित्राशी गेला आणि त्यानं उजव्या हाताचा रुंद अंगठा चंद्रभानच्या गालावर टेकवून सर्रकन कानाकडे ओढला.

तीट गेली. गालावर पट्टा राहिला. सुरुवातीला गडद, पुढे फिकट, कानाकडे चढत गेलेला.

इतक्या दिवसांचं काम एका अंगठ्यात जाणार हे माहीत असूनही शालिकरामला ते बघवेना. पण त्यानं डोळे वळवले ते म्हातारीकडे.

मनकर्णाबाई चित्राकडे पाहत होती. मग हातातल्या फोटोकडे. मग परत चित्राकडे. वच्छलेला खाली ठेवून ती उठली, चित्राजवळ गेली आणि फोटो त्या गालाशेजारी धरला. तीन महिने जिला ती सावली समजत होती, ती तिथं तिच्यासमोर आताच पडली होती, तिच्या पोराच्या अंगठ्यानं.

"खुशाल," ती म्हणाली. "तुवा असंच पुसलं होतं काय रे?"

"काय पुसलं?"

"त्या दिशी. अंगनात. माह्या चंद्रभानची तीट तुवा पुसली होती काय?"

खुशालरावानं नाही म्हणायला हवं होतं. पण तो चिडलेला होता, आणि पाहुण्यांसमोर आई उलटतपासणी घेते हे त्याला खपेना. "मंग काय करू?" तो म्हणाला. "साहेबाच्या पोरायच्या फोटोत काये डाग असतात काय? एका ठिपक्यानं काय होते? तू बी काय पाहुण्यासमोर..."

तो थांबला, पण उशीर झाला होता. सहदेवरावानं पागोटं सारखं केलं आणि आपल्या माणसांकडे पाहिलं.

"मी तिले मारलं," मनकर्णाबाई म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे. "झिंज्या धरून मारलं. ती पाया पडून सांगत होती, मी लावल्ती म्हनून. आन तू उभा होता. तिथं, खांबाशी. तुले ठाऊक होतं आन तू उभा होता."

"आई, आत जाय."

"माहा नातू गेला, ते देवानं नेलं का त्या पेटीनं नेलं, मले नाही ठाऊक. पन माही सून तुवा घालवली. आन माह्या हातानं घालवली, भडव्या!"

मग सहदेवराव उठला. "आमी निघतो, खुशालराव. उन्हाच्या आधी गाव गाठलं पाहिजे." ऊन तर कधीच चढलं होतं. आत्याबाई जाता जाता चित्राकडे पाहून चुकचुकत गेली.

खुशालराव शालिकरामकडे वळला. त्याचा अंगठा अजून काळा होता. "तूच केलं हे. नीट कर ते. आत्ताच्या आत्ता नीट कर!"

"मले नाही येत," शालिकराम म्हणाला आणि पेटी बंद केली.

मनकर्णाबाईनं वच्छलेला उचललं होतं. ती माजघरात गेली, काजळाची डबी घेऊन परत आली. पोरगी हसू लागली, तिला वाटलं खेळ आहे. म्हातारीनं बोट डबीत बुडवलं आणि तिच्या उजव्या गालावर मोठी, ठसठशीत तीट लावली. ठिपका जरा वाकडाच झाला.

"चिताऱ्या, तुही गाडी बाहेर हाये ना?"

"हाये, माय."

"अकोल्याले चाल. मीच येतो. पोट्टी तिच्या हाती मलेच दिली पाहिजे."

"आई!" खुशालराव दारात आडवा आला. "पोट्टी माही हाये. कुठं नेऊन राहिली तिले?"

म्हातारी त्याच्यासमोर उभी राहिली. तो हात पुढे करून होता. तिनं त्या हाताकडे, त्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं. खुशालरावानंही आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यानं तो धोतराला पुसला, आणि तेवढ्यात ती बाजूनं निघून गेली.

गाडी हलली तेव्हा वच्छलेच्या गालाला खाज सुटली असावी, तिनं हात वर नेला. म्हातारीनं ते इवलं बोट धरलं.

"राहू दे माय, पुसू नको," ती म्हणाली. "तुह्या मायले दिसू दे."